पाणबुडीचे सुटे भाग येतात कुठून?

गोव्यातल्या वास्कोत पाणबुड्या बांधत नाहीत आणि पाणबुड्यांचा तळही इथं नाही. या गावाचं पाणबुडीशी नातं आहे ते तिच्यावर पाळत ठेवणाऱ्याचं. दाबोळीच्या धावपट्टीवरून १९७७पासून नौदलाची रशियन बनावटीची ‘आयएल-३८’ विमानं उडायची. त्यातलं शेवटचं २०२३मध्ये निवृत्त झालं. त्याआधीच, मार्च २०२२मध्ये, दाबोळीच्याच ‘आयएनएस हंसा’ या नौदलाच्या हवाई तळावर ‘पी-८आय’ विमानांची तुकडी दाखल झाली होती. समुद्रात कान लावून बसणारे सोनोबॉय टाकायचे आणि खाली लोखंडाचं धूड आहे का याचा माग काढायचा, हे त्यांचं मुख्य काम. भारताच्या विमानांना शेपटीकडे चुंबकीय बदल टिपणारं उपकरणही आहे. अमेरिकेनं आपल्या पी-८ विमानांवर ते ठेवलं नाही, भारतानं हट्टानं मागून घेतलं.

त्याहून जुनी गोष्ट १९४३ची. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, म्हणजे तटस्थ. मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून अरबी समुद्रातल्या जर्मन पाणबुड्यांना बातम्या जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. मार्चमधल्या एका रात्री कलकत्त्याहून आलेल्या मध्यमवयीन हौशी स्वयंसेवकांनी त्या जहाजावर छापा घातला, आणि शेजारच्या जहाजांवरच्या खलाशांनी आपापली जहाजं आपणच बुडवली. यावर पुढं सिनेमाही निघाला आणि त्याचं चित्रीकरण गोव्यातच झालं.

पण पाणबुडी बुडवण्यापेक्षा ती चालू ठेवणं किती अवघड आहे, हे सिनेमात दिसत नाही. १ डिसेंबर २०१७ रोजी तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी पत्रकारांना सांगितलं, की ‘आयएनएस चक्रा’च्या सोनार डोमला इजा झाली आहे, त्याची दोन पॅनेल निखळली आहेत, संयुक्त पथकानं पाहणी केली आहे आणि दुरुस्तीसाठी लागणारी पॅनेल मागवली आहेत. चक्रा म्हणजे रशियाकडून दहा वर्षांच्या भाडेकरारावर घेतलेली ‘अकुला’ वर्गातली अणुशक्तीवर चालणारी हल्लेखोर पाणबुडी. सुमारे ११० मीटर लांब, पाण्याखाली गेली की वजन बारा हजार टनांवर. एप्रिल २०१२मध्ये ती नौदलात आली आणि २०२१मध्ये रशियाला परत गेली. तेव्हा भारताकडची एकमेव अशी पाणबुडी, आणि ती अडली कशापायी? नाकावरच्या दोन पॅनेलांपायी.

यातला विलक्षण भाग असा, की वर्षभर आधीच, नोव्हेंबर २०१६मध्ये, गोव्यातल्या पिळर्ण औद्योगिक वसाहतीत देशी बनावटीचा पहिला सोनार डोम तयार झाला होता. पुण्याजवळच्या दिघीतल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं त्याचा आराखडा केला आणि ‘किनेको’ या गोव्याच्या कंपनीनं तो घडवला. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्यासाठीच्या समारंभाला होते. मग चक्राची दोन पॅनेल पिळर्णहून का गेली नाहीत? साधं उत्तर असं की तो डोम युद्धनौकांसाठी होता, पाणबुडीसाठी नव्हता. खरं उत्तर कळायला डोम जरा जवळून पाहावा लागतो.

सोनार म्हणजे पाणबुडीचे डोळे आणि कान. पाण्यात आवाज सोडायचा किंवा गुपचूप ऐकत राहायचं, यावर तिचं सगळं चालतं. ऐकणारी उपकरणं पुढच्या टोकाला शेकडोंनी बसवलेली असतात. ती उघडी ठेवली तर धावत्या पाण्याचा खळखळाट त्यांच्यावर आदळतो आणि दूरचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून वरून गुळगुळीत घुमट बसवतात. काच जशी उजेडाला अडवत नाही, तसा हा घुमट आवाजाला अडवता कामा नये. जाड पोलादावरून बराच आवाज परत फिरतो. म्हणून काचतंतूंचे थर रेझिनमध्ये बसवून घुमट करतात, कारण या पदार्थाचा आवाजाशी वागण्याचा ढंग पाण्याच्या जवळ जातो. थर बसवताना आत हवेचा बुडबुडा राहिला की काम बिघडलं. पाण्यातल्या आवाजाच्या दृष्टीनं हवेचा बुडबुडा म्हणजे भिंत. त्यातून वाकडातिकडा झालेला आवाज सोनारवरच्या माणसाला चुकीची दिशा दाखवतो.

आता गंमत पाहा. पाणबुडीचा डोम खोल पाण्याचा दाब झेलतच नाही. त्याच्या आतही समुद्राचंच पाणी भरलेलं असतं, त्यामुळे दोन्ही बाजूंचा दाब सारखा. दाब झेलायचं काम मागच्या पोलादी नळकांड्याचं, ज्याला ‘प्रेशर हल’ म्हणतात. तरीही डोमवर वेगाचा मार असतो, लाटांचा असतो, कधी तरंगत्या ओंडक्याचा असतो. जाडी, वक्रता, थरांची दिशा, बोल्टांची जागा हे सगळं आतल्या त्या एका सोनारच्या लहरींना जुळवून ठरवलेलं असतं. दुसऱ्या जातीच्या पाणबुडीचं पॅनेल तिथं बसणार नाही, आणि ओढूनताणून बसवलंच तर सोनार नीट ऐकणार नाही. पाणबुडीचा सुटा भाग हा मुळात आराखड्याचा तुकडा असतो. आराखडा ज्याच्या कपाटात, सुटे भागही त्याच्याकडचे. भाड्यानं घेतलेल्या बोटीत तर हे आणखी उघड दिसतं.

आपल्याकडे बोटी दुरुस्त करणारे हात कमी नाहीत. वास्कोचं शिपयार्ड पोर्तुगीजांनी १९५७मध्ये सुरू केलं. गोवामुक्तीनंतर ते मुंबईच्या माझगाव डॉककडे भाड्यानं गेलं आणि १९६७मध्ये ‘गोवा शिपयार्ड लिमिटेड’ या नावानं वेगळं उभं राहिलं. आज तिथं फ्रिगेट बांधल्या जातात. शिपयार्डच्या बाहेर, मांडवी आणि जुवारीच्या काठांवर, खाणधंद्याच्या भरात बार्ज बांधणारे आणि दुरुस्त करणारे किती तरी लहान यार्ड होते. डिचोलीकडे सारमानसला माल भरायचा, मांडवीतून खाली यायचं, मुरगावला जहाजात रिकामं व्हायचं. बार्जचा तळ झिजला तर गॅस कटरनं तेवढा पत्रा कापून काढायचा, नवा पत्रा ठोकून वेल्डिंग करायचं, बोट पुन्हा पाण्यात. इंजिन बदलायचं तर वरचं झाकण उघडून क्रेननं उचलायचं.

पाणबुडीला हे चालत नाही. दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३०० मीटरवर कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ३०० टनांचा भार असतो. अमेरिकी पाणबुड्यांत त्यासाठी साध्या पोलादाच्या दुपटीहून अधिक ताण झेलणारं ‘एचवाय-८०’ हे पोलाद वापरात आलं. ते वेल्डिंगआधी ठरावीक अंशापर्यंत तापवावं लागतं आणि प्रत्येक सांध्याची नंतर तपासणी होते. कवचाला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक कमकुवत जागा, म्हणून भोकं कमीत कमी आणि लहानात लहान. माणसं ज्या हॅचमधून आत उतरतात तो जेमतेम पाऊण मीटर व्यासाचा.

इथं सुट्या भागांचा प्रश्न आराखड्याच्या पोटात शिरतो. पंप बिघडला तर तो त्या पाऊण मीटरमधून बाहेर निघतो का? निघत नसेल तर तो सुटा करून तुकड्यांत काढता येतो का? त्याला वाट द्यायला आधी कुठली नळी, कुठलं विजेचं पॅनेल हलवावं लागतं? चांगला आराखडाकार हे सगळं कागदावर असतानाच ठरवतो. अमेरिकेनं ओहायो वर्गाच्या प्रचंड पाणबुड्यांना मुद्दाम तीन मोठी दारं ठेवली, सामान पटापट आतबाहेर करण्यासाठी. त्या क्षेपणास्त्रवाहू बोटींना तेवढी जागा परवडते. हल्लेखोर पाणबुडी सडपातळ आणि चपळ हवी, तिथं असले लाड होत नाहीत. जे दारातून निघत नाही, त्यासाठी कवच कापायचं. आणि कापलेलं कवच पुन्हा जोडणं हे महिनोन्‌महिन्यांचं काम.

कधी कधी कापाकापी टळतच नाही. ८ जानेवारी २००५ रोजी ‘यूएसएस सॅन फ्रान्सिस्को’ ही पाणबुडी ग्वामच्या दक्षिणेला पूर्ण वेगात पाण्याखालच्या डोंगरावर आदळली. खलाशांच्या हातातल्या नकाशावर तो डोंगर नव्हता. एक जण दगावला, बरेच जखमी झाले. पुढचा डोम आणि पाण्याच्या टाक्या चेंदामेंदा झाल्या, पण आतलं प्रेशर हल शाबूत राहिलं, म्हणून बाकीची माणसं वाचली. एवढी मोडतोड भरून काढायला गोदामात सुटा भाग मिळणार कुठला? अमेरिकेनं मग ‘होनोलुलू’ ही निवृत्तीला आलेली पाणबुडी घेतली, तिचं नाक कापलं आणि सॅन फ्रान्सिस्कोला जोडलं. गंमत अशी की नाक देणारी बोट घेणारीपेक्षा चार वर्षांनी तरुण होती. मग तिलाच का नाही ठेवली? कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या अणुभट्टीत नुकतंच नवं इंधन भरलं होतं आणि होनोलुलूचं संपत आलं होतं. अणुभट्टीतलं इंधन नाकापेक्षा महाग पडतं. २००८च्या अखेरीला काम पुरं झालं.

फ्रेंचांनी याच्याही पुढची मजल मारली. १२ जून २०२० रोजी तुलाँच्या गोदीत ‘पर्ल’ या हल्लेखोर पाणबुडीत आग लागली आणि विझायला चौदा तास लागले. नशीब असं की अणुइंधन आणि शस्त्रं तेव्हा बोटीत नव्हती. पुढच्या भागातलं पोलाद इतकं तापलं होतं की त्यावर पुन्हा भरवसा ठेवणं शक्य नव्हतं. त्याच वर्गातली ‘साफिर’ वर्षभर आधी निवृत्त होऊन शेरबुर्गला पडून होती. पर्ल एका मोठ्या जहाजावर लादून शेरबुर्गला नेली, दोन्ही बोटी मधोमध कापल्या, साफिरचा पुढचा भाग पर्लच्या मागच्या भागाला जोडला. पर्ल १९९३ची, साफिर १९८४ची. एकाच वर्गातल्या असल्या तरी मधल्या वर्षांत केबली आणि नळ्यांच्या जागा बदललेल्या, त्यामुळे जोडाच्या जागी एक नवा तुकडा घालावा लागला आणि बोट सुमारे दीड मीटरनं लांब झाली. २०२३मध्ये ती पुन्हा समुद्रावर गेली. त्या साफिरचा पुढचा भाग वेळीच भंगारात काढला असता, तर ही सोय झाली नसती. भंगार फार लवकर विकू नये, हे गोव्यातल्या जुन्या बार्जमालकांना कुणी सांगायची गरज नाही.

इंधनाचा मुद्दा जरा सविस्तर बोलायला हवा, कारण अणुशक्तीच्या पाणबुडीत अणुभट्टी हाच सगळ्यात मोठा आणि सगळ्यात न बदलता येणारा भाग. अमेरिकेच्या ‘व्हर्जिनिया’ वर्गात एकदा भरलेलं इंधन बोटीच्या पूर्ण आयुष्याला, म्हणजे तेहेतीस वर्षांना पुरेल असा हिशोब आहे. त्यासाठी अतिशय समृद्ध केलेलं, शस्त्रांच्या दर्जाचं युरेनियम लागतं. फ्रेंच कमी समृद्ध युरेनियम वापरतात, म्हणून साधारण दहा वर्षांनी इंधन बदलावं लागतं, आणि मग कवचाला त्यासाठीच्या खास जागा आराखड्यातच ठेवाव्या लागतात. कुठलं युरेनियम मिळतं यावर कवचाला भोक किती, हे ठरतं. जानेवारी २०२५मध्ये ‘शार्ल द गोल’ ही फ्रेंच विमानवाहू नौका गोव्यात मुक्कामाला होती. तिच्या पोटात ‘के-१५’ जातीच्या दोन अणुभट्ट्या आहेत. फ्रेंचांच्या क्षेपणास्त्रवाहू पाणबुड्यांतही तीच अणुभट्टी असते. एकाच भट्टीवर दोन प्रकारची जहाजं चालवायची, म्हणजे सुटे भाग एक, शिकलेली माणसं एक, कारखाने एक. छोट्या अर्थसंकल्पात मोठं नौदल चालवायची ही शहाणी रीत.

भारतानं पहिली पाणबुडी-अणुभट्टी पाण्यात नाही, जमिनीवर चालवली. तमिळनाडूत कल्पक्कमला, पाणबुडीच्याच मापाच्या जागेत ती बसवली होती. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं ती विकसित केली. ऑगस्ट २००९मध्ये, ‘अरिहंत’ या देशी क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुडीचं जलावतरण झाल्यानंतर आठवड्याभरात, अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर आणि सहकाऱ्यांनी पत्रकारांना ती दाखवली. तोवर तिला चालू होऊन तीन वर्षं झाली होती आणि बहुतेकांना तिचा पत्ताही नव्हता. अशी जमिनीवरची जुळी भट्टी लागते कारण समुद्रात काही बिघडलं तर तो बिघाड तिथं पुन्हा घडवून पाहता येतो. नवा व्हॉल्व्ह, नवा पंप आधी तिथं चालवायचा. तिथं बसला तर बोटीवर.

अणुभट्टीची उष्णता वाफ करते, वाफ टर्बाइन फिरवते. टर्बाइन फिरतं मिनिटाला हजारो फेरे, मागचा पंखा मात्र हळू फिरायला हवा, नाहीतर पाण्यात बुडबुडे उठतात आणि बोट बोंब मारत चालते. मधे गिअरबॉक्स लागतो. अरिहंतसाठी गिअरबॉक्स बनवण्यात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजचा हात आहे. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारं गाव म्हणून ते बहुतेकांना माहीत, उसाच्या रानात वसलेलं. पाणबुडीचा गिअर नुसता मजबूत असून भागत नाही. एका दाताचा कोन केसभर चुकला तरी प्रत्येक फेऱ्याला एक ठरावीक सूर निघतो, आणि दाबोळीच्या विमानानं टाकलेला सोनोबॉय नेमका तोच सूर शोधत असतो. फ्रेंचांनी ‘रुबी’ वर्गात गिअर काढूनच टाकला. टर्बाइननं वीज करायची आणि विजेच्या मोटरनं पंखा फिरवायचा. भाग बदलण्यापेक्षा भागच नको, हाही आराखड्याचाच एक मार्ग.

भाग बरोबर बनला हे कशावरून ठरवायचं? १० एप्रिल १९६३ रोजी ‘यूएसएस थ्रेशर’ ही अमेरिकेची अणुपाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली आणि १२९ माणसं गेली. चांदीच्या मिश्रधातूनं जोडलेल्या एका नळीचा सांधा फुटून पाणी आत आलं असावं, असा चौकशीचा निष्कर्ष होता. बुडण्याआधीच्या गोदीतल्या कामात अशा सांध्यांपैकी काहींची ध्वनिलहरींनी तपासणी झाली होती आणि त्यातले सुमारे १४ टक्के हलक्या दर्जाचे निघाले होते. बाकीचे तपासायला वेळ नव्हता. त्यानंतर अमेरिकेनं ‘सबसेफ’ नावाची पद्धत आणली. कवचाशी आणि समुद्राच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या प्रत्येक भागाचा कागद हवा. धातू कुठल्या भट्टीतला, कुणी ओतला, कुणी तपासला, कुठल्या तारखेला. कागद नसलेला चांगला बोल्टसुद्धा बाद. या पद्धतीतून प्रमाणित झालेली एकही अमेरिकी पाणबुडी त्यानंतर बुडालेली नाही.

पण कागद माणूस लिहितो. वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा इथल्या ‘ब्रॅडकेन’ या ओतकाम कारखान्यात पाणबुड्यांसाठी ओतलेल्या पोलादाच्या चाचण्यांचे आकडे १९८५पासून २०१७पर्यंत खोटे लिहिले जात होते. शेकड्यांनी ओतीव भाग त्यात अडकले. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या एका कर्मचाऱ्याला चाचणीच्या नोंदींत खाडाखोड दिसली तेव्हा बिंग फुटलं. अतिथंड तापमानात पोलाद ठिसूळ होतं का, हे पाहायची एक चाचणी तिथल्या जबाबदार धातुतज्ज्ञाला मूर्खपणाची वाटायची, म्हणून नापास नमुने पास दाखवले. २०२०मध्ये कंपनीनं एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली आणि २०२२मध्ये त्या व्यक्तीला तुरुंगवास झाला. पाणबुड्या बुडाल्या नाहीत, पण त्या प्रत्येक भागाचा पुन्हा हिशोब मांडायचा खर्च नौदलाच्या गळ्यात पडला.

आपल्याकडे कागदापेक्षा पाणबुडी बांधणाऱ्या हातांचा तुटवडा जास्त जाणवला. १९८१च्या करारानं जर्मनीच्या ‘एचडीडब्ल्यू’ कंपनीच्या आराखड्यावर दोन पाणबुड्या माझगाव डॉकमध्ये बांधायचं ठरलं. ‘शल्की’ १९९२मध्ये, ‘शंकुल’ १९९४मध्ये नौदलात आली. दलालीच्या आरोपांमुळे पुढच्या बोटी रद्द झाल्या. त्यानंतर माझगावमधून नवी पाणबुडी नौदलात आली ती थेट डिसेंबर २०१७मध्ये, ‘कलवरी’. मधली तेवीस वर्षं. जर्मनीत शिकून आलेले वेल्डर निवृत्त झाले, काही परदेशी गेले, आणि तो हात नव्या माणसांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागला. ब्रिटिशांनाही हाच चटका बसला. त्यांच्या ‘अस्ट्यूट’ वर्गाचं काम मोठ्या खंडानंतर अडखळलं तेव्हा अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीची माणसं मदतीला बोलवावी लागली. गोदामात पडून राहिला तरी टिकतो तो लोखंडी भाग. वेल्डरचा हात पाचदहा वर्षं रिकामा राहिला की गेला.

ऑक्टोबर २०२४मध्ये देशी बनावटीच्या दोन अणुशक्तीच्या हल्लेखोर पाणबुड्या बांधायला केंद्र सरकारनं मंजुरी दिली. पहिली २०३६-३७मध्ये येईल असं नौदलप्रमुख ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी त्या डिसेंबरमध्ये सांगितलं. या वेळी आराखडा आपला आहे, म्हणजे नाकावरचा घुमटही कुणाकडे मागायचा नाही. मधल्या काळात हात चालू राहतील अशी एक सोय मुंबईत होते आहे. अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेनं इंधन-विद्युतघटांवर चालणारी एक यंत्रणा तयार केली आहे. तिच्यामुळे डिझेल-विजेची पाणबुडी बरेच दिवस वर न येता पाण्याखाली राहू शकते. ३० डिसेंबर २०२४ रोजी ही यंत्रणा बसवायचा करार माझगाव डॉकशी झाला, सुमारे १,९९० कोटी रुपयांचा. यंत्रणा कवचाच्या एका नव्या तुकड्यात बसते. ती घालायची तर पर्लसारखीच पाणबुडी आडवी कापायची, मधे तुकडा बसवायचा आणि दोन्ही सांधे समुद्राच्या दाबाला पुरतील असे जोडायचे.